लॉक केलं तरी लेन्स मान का टाकते? बॉल हेडविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात अंजनेरी-त्र्यंबककडे आणि थंडीत नांदूरमध्यमेश्वरला ट्रायपॉड बाहेर पडतात, आणि त्यामागोमाग आमच्याकडे प्रश्न येतात. माणसं बदलतात, गोंधळ तोच राहतो. कॅमेरा आणि लेन्स महिनोन्‌महिने पारखून घेतात, पण ते सगळं ज्याच्या जिवावर उभं राहणार ते बॉल हेड, म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्यावरचा, गोळ्यावर कॅमेरा हवा तसा वळवू देणारा भाग, मात्र कुणीतरी सांगितलं म्हणून उचलतात. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

ऑनलाइन एक बॉल हेड स्वस्तात मिळतंय. २५ किलो पेलतं असं लिहिलंय. माझा कॅमेरा आणि ७०-२०० लेन्स मिळून तीन किलोसुद्धा होत नाहीत. घ्यायला हरकत नाही ना? (सिडको)

हरकत आहे. तो २५ किलोचा आकडा आधी डोक्यातून काढा. हे वजन कसं मोजायचं याचा सगळ्या कंपन्यांना बांधील असा एक नियम नाही, जो तो आपल्या सोयीने मोजतो. वजन बॉलच्या बरोबर डोक्यावर ठेवलं तर तो नुसता दाबला जातो, फिरत नाही. तसं मोजलं की आकडा फुगतो. तुमची लेन्स मात्र पुढे बाहेर आलेली असते. भरलेली बादली अंगालगत धरा आणि मग हात सरळ लांब करून धरा. वजन तेच, पण खांद्याला फरक लगेच कळतो. मध्यापासून १० सेंटिमीटर पुढे असलेलं २ किलो वजन बॉलला जितका पीळ देतं, तितकाच पीळ १ सेंटिमीटरवरचं २० किलो वजन देतं.

म्हणून किलो विचारू नका, बॉलचा व्यास विचारा. मिररलेस कॅमेरा आणि किट लेन्सला ३० ते ३६ मिलिमीटरचा बॉल पुरतो. ७०-२०० एफ २.८ सारख्या लेन्सला ४० ते ४४ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. हाही अंदाजच आहे, कारण मोठा बॉल ढिसाळ बनवलेला असू शकतो. आपलाच कॅमेरा आणि आपलीच लेन्स घेऊन दुकानात जा, हेड ४५ अंशांत कलवा, लॉक करा आणि लेन्सचं टोक एका बोटाने हलकं दाबा; ते खाली घसरत गेलं तर ते हेड नको. हे करू न देणाऱ्याकडून हेड घेऊ नका.

याच बॉल हेडवर लग्नाचे व्हिडिओ काढता येतील का? (पंचवटी)

स्थिर फ्रेम असेल तर येतील. कॅमेरा फिरवायचा असेल तर फ्लुइड हेड, म्हणजे धक्क्याविना सलग फिरणारं व्हिडिओचं हेड लागेल.

नॉब घट्ट आवळूनही हात सोडला की फ्रेम खाली येते. हेड खराब निघालं का? (गंगापूर रोड)

लगेच हेडला दोष देऊ नका, आधी नेमकं काय होतंय ते बघा. भिंतीवर पेन्सिलने एक फुली काढा. लेन्स सगळ्यात लांब झूमवर ठेवा, स्क्रीनवर दहापट मोठं करून फुली मधोमध आणा, लॉक करा आणि हात काढा. फुली एकदाच थोडी सरकून थांबली, तर ती धातूची आणि जोडांची लवचीकता आहे. थोडीफार प्रत्येक हेडमध्ये असते. फ्रेम तेवढीच वर धरून लॉक करायची सवय लावा. फुली हळूहळू सरकतच राहिली, तर काहीतरी घसरतंय. मग क्रमाने तपासा: प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने लावलेली पट्टी) कॅमेऱ्याखाली फिरतेय का, क्लॅम्पमध्ये (प्लेट पकडणाऱ्या हेडवरच्या जबड्यात) सरकतेय का, ट्रायपॉडच्या पायाचं लॉक सुटतंय का, मधला दांडा वर काढलाय का. यातलं काहीच नसेल तर घसरतोय तो बॉल.

लेन्सला स्वतःचा कॉलर (ट्रायपॉडला जोडण्यासाठी लेन्सभोवती असलेलं कडं) असेल आणि तरी तुम्ही कॅमेऱ्याचीच बॉडी हेडवर लावत असाल, तर अर्धं उत्तर तिथेच आहे. हेडवर कॉलर लावा म्हणजे वजन बॉलच्या वर येईल.

दुसरा घोळ नॉबचा. मोठा नॉब लॉकचा. तळाशी असतो तो फक्त आडवं फिरवण्याचा. तिसरा, लहान नॉब किंवा मोठ्या नॉबमध्येच बसवलेला बारीक स्क्रू, हा घर्षणाचा. बरेच जण या तिसऱ्याला हातच लावत नाहीत. तो असा बसवायचा: सगळ्यात जड लेन्स लावा, एका हाताने कॅमेरा धरून मोठा नॉब पूर्ण सैल करा आणि लेन्स हाताने हलेल पण हात सोडल्यावर धपकन पडणार नाही इतकं घर्षण वाढवा. आता मोठा नॉब चुकून सुटला तरी कॅमेरा ट्रायपॉडच्या पायावर आपटणार नाही. लेन्स बदलली की हे पुन्हा करायचं.

एवढं करूनही बॉल घसरत असेल तर पक्कड लावून नॉब आवळू नका. हेड दुरुस्तीवाल्याला दाखवा, वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला पाठवा.

क्विक रिलीज प्लेट हरवली. नवी महाग वाटते. सातपूरला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची करून घेऊ का? शेवटी एक पट्टी आणि एक स्क्रूच तर आहे. (अशोकनगर)

“एक पट्टी आणि एक स्क्रूच तर आहे” हे वाक्य आमच्याकडे वारंवार येतं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच पट्टीची आहे. कॅमेरा पडतो तो बहुतेक वेळा बॉल तुटून पडत नाही, तो प्लेट आणि क्लॅम्पच्या मधून निसटतो. म्हणून थोडं सविस्तर.

आधी स्क्रू. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंचाचे आटे असतात, एका इंचात २०. हार्डवेअरच्या दुकानात सहज हाताला लागतो तो एम-६ बोल्ट. व्यास ६ मिलिमीटर आणि पाव इंच म्हणजे ६.३५, त्यामुळे तो आत शिरतो, एक-दोन वेढे बसतोसुद्धा आणि बसल्यासारखा वाटतो. पण एम-६ चे आटे दर १ मिलिमीटरला आणि कॅमेऱ्याचे दर १.२७ मिलिमीटरला. पुढे तो अडकतो. जोर लावला तर कॅमेऱ्याचे आटे जातात, नाही लावला तर दोन आट्यांवर लाखाचा कॅमेरा लटकतो. लांबीचंही तसंच. स्क्रू प्लेटच्या वर साडेचार मिलिमीटरच्या आसपासच यायला हवा. जास्त लांब असला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, प्लेट सैलच राहते आणि आवळणारा मात्र आवळत राहतो.

आता कडा. आर्का-स्विस पद्धतीची (या कंपनीच्या नावाने रूढ झालेल्या मापाची) प्लेट ३८ मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, कडा ४५ अंशांत उतरत्या. ‘आर्का-स्विस कंपॅटिबल’ हे शब्द खोक्यावर कुणीही छापतं. प्रत्यक्षात एका कंपनीची प्लेट दुसरीपेक्षा किंचित रुंद किंवा अरुंद निघते. नॉबने आवळायचा क्लॅम्प तेवढा फरक सांभाळून घेतो. खटक्याचा, म्हणजे लिव्हरचा क्लॅम्प ठरावीक अंतरावरच बंद होतो. अरुंद प्लेट असेल तर खटका बंद झाल्याचा आवाज येतो, पण पकड बसलेली नसते. काही लिव्हर क्लॅम्पना अंतर कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो, तो आहे का ते माहितीपत्रकात बघा.

वर्कशॉपमधला कारागीर कितीही निष्णात असला तरी तुमचा क्लॅम्प समोर नसेल तर तो माप कशावरून घेणार? शिवाय विकतच्या चांगल्या प्लेटला तळाशी दोन्ही टोकांना छोटे स्क्रू असतात. क्लॅम्प थोडा सैल झाला तरी प्लेट सरकून बाहेर पडू नये म्हणून ते असतात. लोक ते अडतात म्हणून काढून फेकतात. काढू नका.

नवी प्लेट आणली की कॅमेरा लावण्याआधी नुसती प्लेट क्लॅम्पमध्ये आवळा आणि हाताने पुढेमागे ओढा, डुलवा. किंचित जरी हलली किंवा कट्‌ आवाज आला तरी ती तुमच्या क्लॅम्पची नाही. मग कॅमेरा लावून डोळे क्लॅम्पच्या पातळीला आणून बाजूने पाहा: दोन्ही कडा खाचेत आत गेल्यात, की एक कड ओठावरच बसलीय? अंधारात हीच चूक होते. तेव्हा बोटाने चाचपा, आणि प्लेटचा स्क्रू आवळायची ॲलन की बॅगेत ठेवा.

उभ्या फ्रेमसाठी हेडच्या खाचेत कॅमेरा आडवा पाडता तेव्हा सगळं वजन त्या एका स्क्रूला फिरवायला बघतं. वारंवार उभे फोटो काढत असाल तर एल आकाराची प्लेट घ्या, कॅमेरा बॉलच्या वरच राहतो. थोडक्यात, सातपूरला करू नका. हेड बनवणाऱ्या कंपनीचीच प्लेट घ्या आणि दुकानदारासमोर लावून बघा.

ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करायचं का? (नाशिकरोड)

साधारणपणे हो. काही लेन्सना ट्रायपॉड ओळखता येतो, म्हणून तुमच्या लेन्सचं माहितीपत्रक बघा.

नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांसाठी १५०-६०० लेन्स नेतो. जड बॉल हेड घेऊ का? (निफाड)

घेऊ नका. ही लेन्स दोन किलोच्या आसपास भरते. बॉल सैल केला की ती एका बाजूला कलंडते, आवळला तर उडता पक्षी सुटतो. यासाठी गिंबल हेड असतं, त्यात लेन्स आपल्याच तोलावर झुलते. मात्र तोल साधायला लेन्सच्या पायाला लांब प्लेट हवी, म्हणजे लेन्स मागेपुढे सरकवता येते. विकत घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणून वापरा.

भर पावसात दुगारवाडीच्या धबधब्यावर हेड भिजलं. आता फिरवताना कर्र आवाज येतो. मित्र म्हणतो शिलाई मशीनचं तेल सोड. (त्र्यंबक)

तेल अजिबात नको. बॉल धरून ठेवतं ते घर्षण, आणि तेल घर्षणच घालवतं. मग लॉक करूनही लेन्स घसरणार. गंज काढणारे स्प्रे त्याहून वाईट, ते आतलं मूळ ग्रीसही धुऊन नेतात.

कर्र आवाज म्हणजे वाळूचा कण. फिरवणं आधी थांबवा, नाहीतर बॉलवर ओरखडे पडतील आणि ते जात नाहीत. सगळे नॉब सैल करून दिसणारा बॉल किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा, मग कोरड्याने. हेड बॅगेत न कोंबता पंख्याखाली रात्रभर ठेवा. वाळल्यावरही आवाज आला तर दुरुस्तीवाल्याकडे. घरी उघडू नका, आतले लहान भाग ज्या क्रमाने बसतात तो क्रम चुकला तर लॉक बसत नाही.

पांडवलेणीवरून शहराचा पॅनोरमा काढतो. कॅमेऱ्यात लेव्हल बरोबर दिसते, पण फिरवत गेलो की क्षितिज उतरत जातं. (इंदिरानगर)

कारण तुम्ही कॅमेरा लेव्हल केलात, ट्रायपॉड नाही. नेहमीच्या बॉल हेडमध्ये फिरणारा भाग बॉलच्या खाली असतो, आणि तो पायांच्या कलानुसारच फिरतो. पाय कमी-जास्त करून आधी ट्रायपॉडवरचा बुडबुडा मधोमध आणा, मग बॉलने कॅमेरा सरळ करा. डावं टोक, मध्य आणि उजवं टोक अशा तिन्ही ठिकाणी लेव्हल बघा, आणि मगच काढा. एक्स्पोजर मॅन्युअल, दोन फ्रेममध्ये साधारण एक तृतीयांश भाग सामायिक. क्लॅम्पच वर फिरतो अशी हेडही मिळतात, पण पाय लेव्हल करणं फुकट आहे. आणखी एक: लेणी हे संरक्षित स्मारक आहे, तिथे ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीबद्दल तिकीट खिडकीवर विचारा.

२०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर ट्रायपॉड लावता येईल का? (जुने नाशिक)

पर्वणीच्या गर्दीत लावू नये, कुणाचा तरी पाय अडकेल. इतर दिवशी प्रशासन आणि पोलिसांना आधी विचारा.

जुनं हेड ट्रायपॉडवरून निघतच नाही. दोघांनी मिळून जोर लावला. (देवळाली कॅम्प)

जोर थांबवा. ज्या चकतीवर हेड बसलंय तिच्या खालच्या बाजूला एक ते तीन बारीक ॲलन स्क्रू असतात, हेड आपोआप सुटू नये म्हणून. ते न सोडता पिळलंत तर हेडच्या तळाला चरे पडतात. ते सोडा, तळाचा पॅन नॉब (आडवं फिरवण्याचा) आवळा, मग हेडचा तळ धरून डावीकडे फिरवा. कॅमेऱ्याचा क्लॅम्प धरून फिरवू नका, क्लॅम्पचाच स्क्रू सुटेल. तरीही हललं नाही तर आटे चिकटलेत, आणि मग ट्रायपॉडसकट दुरुस्तीवाल्याकडे न्या.