कृष्णाकाठ प्रथमच पाहणाऱ्यास

वाईपासून खिद्रापूरपर्यंतचे कृष्णाखोरे एकाच दिवसात उरकण्याचा मोह आपण आवरावा. वाईत ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत अवश्य पाहावी. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून ती माशाच्या आकाराची बांधलेली आहे, आणि बहुतेक जण दर्शन घेऊन तिच्याकडे न पाहताच परततात. मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहेच, परंतु मला विचाराल तर १७३९ मधील वसईच्या विजयानंतर आणलेली, घाटावरील पोर्तुगीज घंटा अधिक बोलकी वाटते. वाटेत कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली करावी. खिद्रापुरास मात्र दुपारी पोहोचावे, म्हणजे कोपेश्वर या शिवमंदिराच्या स्वर्गमंडपातील (पुढील मंडपातील) छताच्या गोल झरोक्यातून खांबांमध्ये उतरणारे ऊन निवांत पाहता येते. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातात, तेव्हा हिवाळाच निवडावा.