माझी १९९४ ची आरएक्स १०० गरम झाली की रेसिंग धरते आणि सिग्नलला बंद पडते. एअर स्क्रू किती फेरे ठेवू?

दीड. पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर. झालं उत्तर. पण ते तुमच्या काडीच्या उपयोगाचं नाही, आणि का नाही ते सांगायलाच हे लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की सकाळी गाडी लगेच चालू होते, थोडी पळाली की ॲक्सिलरेटर सोडला तरी रेसिंग, म्हणजे इंजिनाचा वेग, खाली यायचं नाव घेत नाही, आणि सिग्नलला थांबलं की फट्‌कन बंद. तीन मेकॅनिक झाले, तिघांनी स्क्रू फिरवून पैसे घेतले, आता चौथा म्हणतो हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरच बदला. यातली अर्धी तक्रार तुम्ही स्वतः तयार केलेली असणार. रेसिंग धरते म्हणून कुणीतरी स्लो स्पीडचा स्क्रू, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणारा, सोडलाय. तो सोडला की रेसिंग जरा आटोक्यात येते, पण मग इंजिनाला उभं राहायला आधारच राहत नाही, म्हणून सिग्नलला मान टाकते. दोन आजार नाहीत, एकच आहे. गाडी कुठूनतरी हवा ओढतेय.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. गरम गाडी रेसिंग धरून बसली की चोक अर्धा ओढा. रेसिंग खाली येऊन गाडी शांत झाली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. चोक ओढल्यावर भकभकून बंद पडली तर मी चूक, बाकीचं वाचू नका. आणि हो, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर रेसिंग बदलत असेल तर केबल अडकतेय, दहा मिनिटांचं काम आहे.

आता आमच्या दाजींविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमच्याकडे आण्णांनी घेतलेली आरएक्स आहे, तुमच्याच आसपासच्या सालातली. १९८५ ला एस्कॉर्ट्सने यामाहाची ही गाडी आणली, १९९६ ला बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावरची सगळ्यात तरुण आरएक्स १००सुद्धा पंचविशी कधीच ओलांडून गेलेली आहे. हे लक्षात ठेवा, कारण तिच्यातलं रबरही तेवढंच जुनं असू शकतं. तर आमची गाडी सांगलीत आयर्विन पुलावर एकदा अशी रेसिंग धरून बसली की क्लच दाबला तरी इंजिन किंचाळतंय, चावी बंद करून ढकलत पलीकडे नेली. त्याच आठवड्यात ताई आणि दाजी आले होते. दाजी डिप्लोमा मेकॅनिकल, साखर कारखान्यात नोकरीला. मी बी.कॉम. त्यामुळे आमच्या घरात यंत्राच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा हे लग्नातच ठरलेलं होतं.

दाजींनी गाडी पाच मिनिटं ऐकली आणि म्हणाले, "लीन झालीय. पेट्रोल वाढवू." लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. निदान बरोबर होतं, हे मी आजही मान्य करतो. मग त्यांनी एअर स्क्रू घेतला आणि बाहेर खोलला. दीडचा अडीच, अडीचचा तीन.

मी म्हटलं, "दाजी, याने हवा वाढतेय."

"अरे, स्क्रू सोडला की पेट्रोल जास्त जातं. माझ्या गाडीला मी स्वतः करतो."

त्यांच्या गाडीला ते खरंच आहे. चार स्ट्रोकच्या गाड्यांवर रबरी डायफ्रॅमवाला जो सीव्ही कार्बोरेटर असतो, त्यात हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला, बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पुढे असतो. तो तयार झालेलं मिश्रण आत सोडतो, त्यामुळे बाहेर खोलला की पेट्रोल वाढतं. आरएक्सचा मिकुनी व्हीएम कार्बोरेटर वेगळा. त्याचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे. तो फक्त स्लो जेटला, म्हणजे मूठ सोडलेली असताना पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाला, मिळणारी हवा कमीजास्त करतो. आत घेतला की हवा कमी, मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. बाहेर काढला की हवा जास्त, मिश्रण पातळ. कार्बोरेटर हातात धरा, स्क्रू फिल्टरकडे आहे की इंजिनाकडे बघा, वाद संपला. पण वाद संपवायला कार्बोरेटर हातात धरावा लागतो, आणि दाजी तो धरायला तयार नव्हते, कारण हात काळे होतात.

तीन फेऱ्यांवर गाडी आणखी किंचाळायला लागली. मग मेन जेट मोठा टाकला. मेन जेट म्हणजे पेट्रोलचं मोठं भोक, त्याचा अंमल ॲक्सिलरेटरची पाऊण मूठ उघडल्यापासून पुढे. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मेन जेटशी काही देणंघेणं नसतं. पाव ते पाऊण मुठीत स्लाइडला लटकणाऱ्या सुईचं राज्य, पाव मुठीच्या आत स्लाइडचा (मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या दट्ट्याचा) काप, आणि अगदी सुरुवातीला स्लो जेट आणि एअर स्क्रू. हे मी त्यांना सांगितलं तर ताई म्हणाली, "तू त्यांना शिकवू नकोस." मोठ्या जेटने गाडी मोठ्या मुठीला जाड झाली, लहान मुठीला पातळच राहिली, प्लग काळा पडायला लागला आणि त्या काळ्या प्लगकडे बोट दाखवून दाजी म्हणाले, "बघ, पेट्रोल भरपूर जातंय, म्हणजे कार्बोरेटर झिजलाय, आपण मोठ्या गाडीचा बसवू." प्लग नुसता काढून रंग बघण्यात अर्थ नसतो. कोणत्या मुठीवर गाडी चालवून लगेच इंजिन बंद करून काढला, यावर तो रंग काय सांगतो ते ठरतं. पण हे परत कोण सांगणार.

दाजी गेल्यावर मी गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कार्बोरेटरला हातच लावला नाही. विचारलं, "आईचं बीपीचं मशीन आहे का घरी? काट्याचं?"

आरएक्स दोन स्ट्रोकची, आणि दोन स्ट्रोक गाडीचं गणित चार स्ट्रोकपेक्षा निराळं आहे, आणि शिकलेली माणसं इथेच फसतात. पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, पोकळी तयार होते, आणि त्या ओढीनेच कार्बोरेटरमधून रीड व्हॉल्व्हवाटे (एकाच बाजूला उघडणाऱ्या पात्याच्या झडपेतून) मिश्रण आत येतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असायला हवा. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑईल सील असतात, एक मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला, एक क्लचच्या. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअरचं ऑईल ओढतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो, ऑईल कमी होतं, कुणालाही कळतं. मॅग्नेटकडचं गेलं तर तिथून नुसती हवा येते. ना पेट्रोल, ना ऑईल. धूर नाही, ठिबक नाही, काही दिसत नाही. ही हवा कार्बोरेटरच्या मागून येत असल्याने कार्बोरेटरला तिचा पत्ताच नसतो. त्याचे स्क्रू कितीही फिरवा.

तर मशीन नेलं. मिस्त्रींनी सायलेन्सर उतरवला, एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर पट्टी आवळली. कार्बोरेटर काढून मागच्या रबरी नळकांड्यात लाकडी बूच बसवलं, बुचाला आरपार भोक, भोकात नळी. त्या नळीला बीपी मशीनची नळी जोडली. प्लग जागेवर, पिस्टन खाली. आणि रबरी फुगा दाबायला लागले. काटा हळूहळू ३०० वर गेला. ३०० म्हणजे चौरस इंचाला साधारण पावणेसहा पौंड, दोन स्ट्रोकचा क्रँककेस तपासायला एवढाच दाब हवा असतो, आणि बीपीच्या मशीनचा काटा नेमका तिथेच संपतो. हात थांबवला तर काटा बघता बघता घसरायला लागला. रबरी नळकांड्यावर साबणाचं पाणी, काही नाही. बोअरच्या पॅकिंगला, हेडला, काही नाही. मग पुलर लावून मॅग्नेट ओढला, आतली प्लेट काढली आणि सीलवर ब्रशने फेस लावला. खालच्या ओठाला, घड्याळात सात वाजतात तिथे, एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. सील काढून बोटात दाबलं तर वाटाण्याएवढी कपची तुटून हातात आली. रबर कसलं, पापड झाला होता.

सील बाहेरूनच निघालं, इंजिन खोलावं लागलं नाही. नवं सील बसवलं, दाजींचा मेन जेट काढून मूळचा टाकला, स्क्रू दीड फेऱ्यावर. तोच जुना, झिजलेला म्हणवला गेलेला कार्बोरेटर. विश्रामबागच्या सिग्नलला गाडी डगडग डगडग करत उभी राहिली. आई मात्र मशीनला पेट्रोलचा वास येतो म्हणून आजही बोलते.

दाजींना फोनवर सांगितलं. म्हणाले, "मी जेट साफ केला होता ना, त्याने फरक पडला असणार." ही गोष्ट अजून दर दिवाळीला निघते.

तेव्हा तुम्ही आधी कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबरी नळकांडं काढून वाकवून बघा, भेगा आतून असतात, वरून दिसत नाहीत. मग सील. सील घेताना चांगल्या प्रतीचं घ्या, बाजारात हुबेहूब डब्यात भलताच माल मिळतो. आणि तो नवा कार्बोरेटर घेऊ नका, निदान आत्ता तरी. स्लाइड घशात खुळखुळत असेल किंवा सुई मधोमध घासून चपटी झाली असेल तरच बघू.

हवा बंद झाली की मगच ट्यूनिंग. गाडी गरम असताना स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, आवळू नका, टोक बसकं होतं. मग हळूहळू सोडत जा. रेसिंग सगळ्यात चढते तिथे थांबा, स्लो स्पीडने खाली आणा, परत एकदा करा. हे ठिकाण दीड फेऱ्याच्या आसपास आलं तर सगळं ठीक. अर्ध्या फेऱ्यातच सापडलं तर स्लो जेट चोंदलाय किंवा लहान आहे. तीन फेरे सोडूनही रेसिंग चढतच असेल तर जेट मोठा आहे. जेट साफ करायला तार घालायची तर वायरमधली तांब्याची एक बारीक काडी घ्या. क्लच केबलची पोलादी तार घालणारा मेकॅनिक दिसला तर गाडी घेऊन निघा, पितळेचं भोक एकदा मोठं झालं की झालं.

पेट्रोलचंही आहे थोडं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणजे त्याच जेटवर गाडी पूर्वीपेक्षा पातळ चालते. शिवाय ते पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली तर बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, पांढरट साका धरतो. सुई एक खाच वर घेतली, म्हणजे क्लिप एक खाच खाली, की मधल्या मुठीला बरं वाटतं. दाजींच्या कारखान्यातही डिस्टिलरी आहे, त्यामुळे हा विषय आम्ही जेवताना काढत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक, चोकच्या परीक्षेने काहीच फरक पडला नाही आणि गाडी नुसतीच गरम झाल्यावर बंद पडत असेल, तर ठिणगी पाडणाऱ्या कॉइलवर संशय घ्या. गरम असतानाच प्लग बाहेर काढून ठिणगी बघा. दोन, आणि हे खरं तर मी सुरुवातीला लिहायला हवं होतं: हवा ओढणारी गाडी हायवेला दामटू नका. पातळ मिश्रणात दोन स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो, तोही पूर्वसूचना न देता. ॲक्सिलरेटरची केबल दुभागून एक ऑईल पंपाला जाते, कार्बोरेटरला हात लावला की पंपावरची खूण जुळते का तेही बघायचं असतं. तुमच्या तीन मेकॅनिकांपैकी एकानेही ती बघितली नसेल, असं मला वाटतं.

मेन जेटच्या नंबरबद्दल शेवटी विचारलंय. फिल्टर आणि सायलेन्सर मूळचेच आहेत की बदललेत ते लिहा, त्याशिवाय नंबर सांगता येणार नाही.