नवरात्र ते भाऊबीज: वॉशिंग्टन नॅशनल्ससोबतचा एक ऑक्टोबर

तुम्ही विचारलंय, "क्रिकेट बघत वाढलेल्या मराठी माणसाला बेसबॉलच्या टीमचं इतकं वेड कसं लागतं? आणि प्लेऑफच्या महिन्यात अशा चाहत्याचं नक्की काय होतं?"

मी मूळची सांगलीची. बरीच वर्षं व्हर्जिनियात, वॉशिंग्टन शहराच्या जवळ राहते. माझी टीम वॉशिंग्टन नॅशनल्स, इथल्या बोलीत 'नॅट्स'.

वेड लागलं ते वहीमुळे. लहानपणी बाबा रेडिओवर टेस्ट मॅचची कॉमेंट्री ऐकत वहीत स्कोअर लिहायचे, प्रत्येक बॉलचा ठिपका काढायचे. इथे पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा शेजारी एक आजोबा तसंच काहीतरी पेन्सिलीने लिहीत बसले होते. मी विचारलं, तर त्यांनी तीन इनिंग माझी शिकवणीच घेतली. पिचर (बॉल टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागचा कीपर) २, असे नऊ जागांना नऊ आकडे. शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर) सेकंड बेसला, तिथून फर्स्टला बॉल देऊन दोघे आउट झाले, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक (चुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले बॉल) होऊन बॅटर आउट झाला तर, 'के'. आणि बॅट न फिरवता, बघत उभा राहून आउट झाला तर तोच 'के' उलटा. त्या उलट्या 'के'ने मी जिंकले गेले. परत जाताना स्कोअरबुक घेऊनच घरी आले.

आता प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या. नियमित सीझनमध्ये १६२ मॅच असतात. एखादी हरली तर उद्या दुसरी आहेच. ऑक्टोबरमध्ये तो उद्या काढून घेतला जातो. आणि नॅट्सच्या चाहत्यांना हे जरा जास्तच माहीत होतं. २०१२ साली सेंट लुईसच्या कार्डिनल्सविरुद्ध पाचव्या, निर्णायक मॅचला मी मैदानात होते. ६-० पुढे होतो. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झाले होते, फक्त एक स्ट्राइक हवी होती. ९-७ हरलो. मेट्रोचा अख्खा डबा भरलेला होता आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. पुढे २०१४, २०१६, २०१७ मध्येही त्याच फेरीत बाहेर. त्यामुळे ऑक्टोबर आला की पोटात गोळा यायचा.

२०१९ मध्ये तर तो येईल असंही वाटत नव्हतं. आमचा स्टार ब्राइस हार्पर टीम सोडून फिलाडेल्फियाला गेला होता, आणि मे महिन्यात आम्ही १९ जिंकलेल्या, ३१ हरलेल्या अशा अवस्थेत होतो. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा म्हणून लोक ओरडत होते. तिथून टीम ९३ विजयांपर्यंत पोचली आणि वाइल्ड कार्डची, म्हणजे पुढच्या फेरीत शिरायची, एकच मॅच पदरात पडली. हरलं की घरी.

ती मॅच १ ऑक्टोबरला होती. घरात घट बसलेले. मी आरती आटोपून मैदान गाठलं. आठव्या इनिंगला मिलवॉकी ३-१ पुढे, आणि त्यांचा जॉश हेडर बॉल टाकायला आलेला. दोन आउट, तिन्ही बेसवर आमची माणसं, बॅटिंगला वीस वर्षांचा व्हॉन सोटो. त्याने उजवीकडे फटका मारला, तो फील्डरला चकवून मागे गेला आणि तिघेही 'होम'ला पोचले, म्हणजे तीन रन. ४-३. शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो.

त्या रात्रीची एक गोष्ट लोक विसरतात, ती मला सांगायलाच हवी. आमचं बुलपेन, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरांची फळी, अगदी कमकुवत होती. मग मार्टिनेझने स्टीफन स्ट्रासबर्गला, एरवी पहिल्या इनिंगपासून टाकणाऱ्या पिचरला, मधेच उतरवलं. त्याने तीन इनिंग एकही रन दिला नाही. पूर्ण महिना हाच डाव होता: शर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन, सँचेझ आणि शेवटी डूलिटल, हडसन. सहा माणसांवर सगळा भार. कधी तो अंगाशीही आला. पुढच्या फेरीत लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध तिसऱ्या मॅचमध्ये कॉर्बिनने एकाच इनिंगमध्ये सहा रन दिले. पण दुसरा मार्गच नव्हता, आणि मला आजही तो निर्णय बरोबरच वाटतो.

डॉजर्स त्या वर्षी १०६ मॅच जिंकलेली टीम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसला पाचवी मॅच. आठव्या इनिंगला ३-१ मागे. समोर त्यांचा पिचर क्लेटन कर्शॉ, आणि आमच्या रेंडन व सोटो या दोघांनी त्याच्या लागोपाठच्या दोन बॉलवर दोन होम रन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) मारले. दहाव्या इनिंगला आमच्या हॉवी केंड्रिकचा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, एकदम चार रन. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मुलगी उठेल म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडले.

त्यापुढच्या फेरीत कार्डिनल्सना सरळ ४-०. चौथ्या मॅचला मी मैदानात होते. पहिल्याच इनिंगला सात रन झाले आणि माझ्या वहीतला रकाना पुरेना.

मग वर्ल्ड सिरीज, म्हणजे सात मॅचची फायनल, समोर ह्यूस्टन. वॉशिंग्टनमध्ये १९३३ नंतर पहिली. तिकीट माझ्या आवाक्याबाहेर होतं. ह्यूस्टनमधल्या दोन्ही मॅच जिंकून टीम घरी आली, आणि धनत्रयोदशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत तीन दिवसांत तीन पराभव. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी कळलं की शर्झरची मान आखडलीय, तो खेळणार नाही. त्या सकाळी त्याला कपडे घालायलाही बायकोची मदत लागली होती. पूजा झाली, फराळाचं ताट टीव्हीसमोर तसंच राहिलं, ७-१ हरलो. बाहेर मुलं फुलबाज्या उडवत होती आणि मी दारातल्या पणत्यांत तेल घालत नुसती उभी होते.

भाऊबीजेला सहावी मॅच. सकाळी व्हिडिओ कॉलवर भावाला ओवाळलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, ओवाळणी म्हणून आज तुझी टीम जिंकेल बघ." त्याला बेसबॉल कळत नाही. तरी तिकडे बुधवारची सकाळ उजाडली तेव्हा तो फोनवर स्कोअर बघत बसला होता. सातव्या इनिंगला ट्रे टर्नर फर्स्ट बेसकडे धावताना आखलेल्या पट्टीबाहेर होता म्हणून पंचांनी आउट दिलं. मार्टिनेझ भडकला, इतका की आमची बॅटिंग संपल्यावर त्याला मैदानाबाहेरच काढलं. भावाचा मेसेज: "म्हणजे काय झालं?" मी उत्तर टाइप करतेय तोवर रेंडनने होम रन मारला. ३-२ चे ५-२ झाले. शेवटी ७-२.

३० ऑक्टोबर. ह्यूस्टनमधली मॅच मोठ्या पडद्यावर दाखवायला आमचं मैदान उघडलं होतं. सिल्व्हर लाइनने लाँफाँ प्लाझा, तिथून ग्रीन लाइनने नेव्ही यार्ड. पाऊस थांबत नव्हता. मी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. ओल्या कागदावर पेन चालत नाही, पेन्सिल चालते.

तीन दिवसांपूर्वी हात न उचलता येणारा शर्झर पिचिंगला उभा होता. जवळजवळ प्रत्येक इनिंगला ह्यूस्टनची माणसं बेसवर, आणि तो दात-ओठ खात कसाबसा बाहेर पडायचा. पाच इनिंग, दोनच रन. मी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले होते. सहा इनिंग संपल्या तरी २-०, आम्ही मागेच. सातव्या इनिंगला रेंडनचा होम रन, सोटोला वॉक (चार वाइड बॉल, की फर्स्ट बेस फुकट). ह्यूस्टनने पिचर ग्रिंकीला काढून विल हॅरिसला आणलं. केंड्रिकने बाहेर जाणारा बॉल उजवीकडे उचलला. बॉल वळत वळत फाउल लाइनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या हद्दीकडे, चालला होता. गेला, असं मी म्हणालेसुद्धा. आणि तो त्या हद्दीवरच्या खांबाच्या, फाउल पोलच्या, जाळीवर आदळला. तो ठण्णकन आवाज पडद्यावरून आमच्यापर्यंत आला. खांबाला लागला की होम रन. ३-२.

शेवटी ६-२. वॉशिंग्टनला १९२४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज. हरलो तर बाहेर अशा पाच मॅच त्या महिन्यात आल्या. पाचही मागे पडून जिंकल्या. ह्यूस्टनविरुद्धच्या सातही मॅच पाहुण्या टीमने जिंकल्या. मैदानात हजारो माणसं भिजत नाचत होती आणि २०१२ च्या मेट्रोतली ती शांतता मला आठवत होती.

शेवटचा बॅटर मायकेल ब्रँटली. हडसनच्या बॉलवर त्याने बॅट फिरवली आणि चुकला, म्हणून 'के' सरळ. माझे हात इतके थरथरत होते की तो शेजारच्या चौकटीत गेलाय. दुसऱ्या दिवशी त्या पानाचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि फोन केला. पहिला प्रश्न होता, "तो मानेचा त्रास असलेला पोरगा, त्याचे एकूण बॉल किती झाले?"