पत्नीच्या बाजूने झुकणारे न्यायाधीश बदलून मिळतात का?
मिळतात, पण पोटगीचा आदेश विरोधात गेला म्हणून नाही. तो फक्त चुकीचा वाटत असेल तर त्याला वरच्या न्यायालयात आव्हान द्यायचं.

पक्षपातासाठी ठोस गोष्ट लागते: न्यायाधीशांचं एका पक्षाशी नातं, किंवा पुरावा येण्याआधीच निकाल ठरल्यासारखी शेरेबाजी. शेरेबाजी रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) बहुधा येतच नाही, तिथेच बदलीचे अर्ज फेटाळले जातात. म्हणून त्याच दिवशी तारखेसह लेखी अर्ज देऊन ती नोंदीवर आणा, रोजनाम्याची नक्कल काढा. मग उच्च न्यायालयात बदली अर्ज: दिवाणी प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहिता कलम 24, फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम 447 (पण त्याच सत्र विभागातलं दुसरं न्यायालय हवं असेल तर आधी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज, तो फेटाळला तरच उच्च न्यायालय). स्थगिती वेगळी मागा, नाहीतर मूळ खटला चालूच राहतो.

फेसबुकवर न्यायाधीशांवर आरोप करू नका. अवमानाला 6 महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते.