डिझाइन बघून लोकांना खरंच काय वाटतं, हे कसं तपासायचं?

तुम्ही म्हणताय की ॲपची दोन डिझाइनं दाखवून 'आवडलं का' विचारलं तर सगळेच हो म्हणतात. अहो मग तो प्रश्नच सोडून द्या, समोर बसून कोणाला तोंडावर नाही म्हणायला जड जातंच, त्यातून डिझाइन तुमचंच आहे हे कळलं की विषयच संपला.

मी शब्दांची कार्डं वापरते. मायक्रोसॉफ्टमधल्या दोघांनी २००२ साली ही पद्धत मांडली, त्यांच्याकडे ११८ शब्द होते आणि त्यातले साधारण ४० टक्के मुद्दाम नकारात्मक किंवा तटस्थ ठेवले होते, म्हणजे टीका करायला माणसाला आयता शब्द मिळतो. मी २५-३०च घेते, आणि तेही बोलण्यातले, गिचमिड, कोरडं, शांत, भरवशाचं, भडक, असे. त्यातले पाच उचलायला सांगायचं आणि मग प्रत्येकाला 'हाच का घेतलात?' एवढंच विचारून गप्प बसायचं. खरा माल या उत्तरांत असतो. एकदा एका बाईंनी 'शांत' उचललं, मी मनात खूश, आणि त्या म्हणाल्या इतकं शांत आहे की मला वाटलं पान अजून उघडतंय!! नुसते शब्द मोजले असते तर हे चांगल्यात जमा झालं असतं.

दोन्ही डिझाइनं एकाच माणसाला दाखवू नका, तो तुलना करत बसतो, वेगवेगळी माणसं घ्या. आणि वापरायला द्यायच्या आधी विचारा, कारण एकदा बटण अडलं की तो वैताग रंगांवर निघतो. दिसण्याबद्दलचं मत तसंही पटकन बनतं, २००६च्या एका अभ्यासात वेबपेज फक्त ५० मिलिसेकंद दाखवूनही लोकांनी दिलेले गुण अर्धा सेकंद दाखवल्यावरच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले होते, त्यामुळे पाच सेकंद दाखवून झाकलं तरी पुरतं.

ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठी सॅम नावाची चित्रांची पट्टी आहे, हसऱ्यापासून उदास बाहुलीपर्यंत, त्यावर नुसतं बोट ठेवायचं. कॅमेऱ्याने चेहरा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र माझा भरवसा नाही, कपाळावर आठी रागानेही येते आणि लक्ष देऊन वाचतानाही.

तुम्हाला लोकांनी कोणते शब्द उचलायला हवेत ते टेस्टच्या आधीच लिहून ठेवा, नाहीतर जे येईल तेच हवं होतं असं वाटायला लागतं. आणि पहिल्या एकदोघांवर करून बघा, कार्डावरचा शब्द कोणाला अडला तर तो बदलूनच बाकीच्यांना बोलवा.