जकात: रमजानातली आणि नाक्यावरची

पारोळ्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: 'आमचे मुस्लिम शेजारी रमजानात "जकात काढली" म्हणतात. आपण नाक्यावर जकात भरत होतो. मग बरोबर काय? काढणे, भरणे की देणे? आणि हे शब्द एकच, की नुसते सारखे दिसणारे?'

शब्द एकच आहे. पण आधी डोक्यात बसलेला राग काढून टाकतो. 'जकात म्हणजे जिझियाच की हो!' हे वाक्य चांगल्या शिकलेल्या तोंडांतून ऐकून कान किटले. जिझिया मुसलमान नसलेल्यांकडून घेत. जकात मुसलमानाशिवाय कुणाला लागूच होत नाही. दोघांत साम्य एवढंच की दोन्ही 'ज'ने सुरू होतात, आणि तेही मराठीत. अरबीत एकाचा जीम, दुसऱ्याचा झे.

दुसरा प्रकार बातम्यांतला: 'मुस्लिम बांधव या महिन्यात जकात म्हणजेच दान करतात.' दान ज्याने त्याने आपल्या मनाने करावं. त्याला सदका हा वेगळा शब्द आहे. जकातीला हिशेब असतो. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, नाहीतर तेवढ्या किमतीची रोकड किंवा विक्रीचा माल, देणी वजा जाता चांद्रवर्षभर हाताशी राहिला, की त्याचा चाळिसावा भाग निघतो. चार लाखांवर दहा हजार. रमजानच्या सुमारास जळगावच्या सराफ बाजारात एखादा माणूस दागिना न बघता नुसता चांदीचा भाव विचारून गेला, तर समजावं. घरी जाऊन तो कापडाचे तागे मोजतो, उधारीची वही उघडतो, येणं धरतो, व्यापाऱ्याचं देणं वजा करतो, आणि खाली भागिले चाळीस. याला नुसतं दान म्हणणाऱ्याने एकदा ती वही बघावी.

पाया थोडक्यात सांगतो, कारण पुढे लागेल. इ.स. ६१० च्या सुमारास मक्केत मुहंमद पैगंबरांना ईश्वरी संदेश येऊ लागला. त्याला अरबीत 'वही' म्हणतात. (आपली उधारीची वही संस्कृत 'वहिका'तून आली, दोघींचं नातं लावणारी पत्रं कृपया पाठवू नयेत.) ६२२ मध्ये ते मदिनेला गेले, तिथून हिजरी सन. ईश्वर एकच आणि मुहंमद त्याचे प्रेषित, ही साक्ष म्हणजे कलमा. मग नमाज, रोजा, जकात, हज. हे पाच स्तंभ. यांतली नमाज आणि रोजा ही नावं फारसी, बाकीची अरबी. नमाजाला अरबीत सलात म्हणतात, आणि कुराणात सलात-जकात ही जोडी पुन्हापुन्हा येते: 'अकीमुस्सलात व आतुज्जकात', म्हणजे नमाज कायम करा आणि जकात द्या. मूळ क्रियापद 'देणे' आहे, हे प्रश्नकर्त्याने टिपून ठेवावं. कुराणाच्या मक्केतल्या अध्यायांत (सूरह) जकात येते ती मोघम. मदिनेत समाज उभा राहिला तेव्हा तिला आकडा चिकटला.

आता मजेचा भाग. धातू ज-क-व, अर्थ दोन: वाढणे आणि शुद्ध होणे. पीक वाढलं हे सांगायला जुने अरब हेच क्रियापद वापरत. चाळिसावा भाग कमी केला की माल वाढतो, हे गणिताच्या मास्तरला पटणार नाही, पण रावेर-यावलच्या केळीवाल्याला लगेच पटेल: बुंध्याची पिलं कापल्याशिवाय घड भरत नाही. काही पाश्चात्त्य अभ्यासक मात्र म्हणतात की हा शब्द मुळात अरबी नाहीच, अरामी या तिच्या जुन्या बहीणभाषेतून आला. तिकडे याच धातूचा अर्थ 'निर्मळ असणे'. पुरावा म्हणून ते कुराणातलं लेखन दाखवतात: जकात, सलात, हयात या शब्दांतला 'आ' तिथे अलिफने लिहीत नाहीत, वावाने लिहितात. पुरावा चांगला आहे, निष्कर्ष घाईचा. 'शुद्धी'ची छटा अरामीतून आली असेल. 'वाढ' अरबांच्या घरचीच आहे. पण परकं मूळ सापडलं की घरचं मूळ खोटं ठरवायचं, ही विद्वानांची जुनी खोड.

शेवटचा 'त' बघा. अरब माणूस वाक्याच्या शेवटी 'जकाह' म्हणून थांबतो. तो 'त' फारसीने जपला आणि तसाच आपल्या हाती दिला: किंमत, दौलत, हिंमत, इज्जत, सगळे याच वाटेने आलेले. म्हणजे जकात आपल्याकडे थेट मक्केहून आलेली नाही, फारसी दफ्तरातून आलेली आहे. खैरातीतला 'त' मात्र निराळा, ते अनेकवचन आहे.

मग धर्मातली जकात नाक्यावर कशी जाऊन बसली? हाताशी असलेले कोश 'माल नेण्याआणण्यावरचा कर' म्हणून मोकळे होतात. एक आवडतं मत असं की सरकारी अंमलदारांनी पवित्र शब्द पळवला आणि कराला चिकटवला. मला हे साफ नामंजूर आहे. वसुलीदार पहिल्यापासून शब्दातच आहे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ही रक्कम कुणाला द्यायची त्याची यादी आहे: फकीर, गरजू, कर्जात बुडालेला, गुलामाची सुटका, वाटसरू वगैरे आठ. त्या आठांत तिसरा कोण? ती गोळा करणारा! ६३२ मध्ये पैगंबर गेले आणि काही टोळ्या म्हणाल्या, नमाज पढू पण जकात देणार नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याशी युद्ध केलं. खाजगी दानासाठी कोणी लढाई करतं का?

पुढचे खलिफा उमर यांनी व्यापारी वाटांवर माणसं बसवली. परंपरेने सांगितलेले दर असे: परमुलखातल्या व्यापाऱ्याकडून दहावा भाग, राज्यातल्या बिगरमुस्लिमाकडून विसावा, मुसलमानाकडून चाळिसावा. हा चाळिसावा म्हणजेच त्याची जकात, फक्त घरी न मोजता वाटेत मोजलेली. एकाच चौकीवर, एकाच माणसाने घेतलेल्या तीन रकमा. लोक तिन्हींना वेगळी नावं देत बसतील का? माझं म्हणणं एवढंच, की एका रकमेचं नाव पुढे सगळ्या चौकीला पडलं. यावर शंका काढणाऱ्यांसाठी औरंगजेबाचं १६६५ चं फर्मान: मालावर मुसलमानांना अडीच टक्के, हिंदूंना पाच. हजार वर्षांनीही चाळिसावा आणि विसावा! दोनच वर्षांत, १६६७ मध्ये, त्याने मुसलमानांचा हिस्सा माफच केला, म्हणजे ज्यांच्यामुळे नाव पडलं तेच बाहेर आणि नाव तसंच. याला मी शब्दाचं नशीब म्हणतो.

खानदेशात हा शब्द मुरला नसता तरच नवल. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोठी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी आपल्याच अंगणातून जायची. ('खानदेश' नाव फारुकी राजांच्या 'खान' किताबावरून पडलं, कान्हदेशवाल्यांशी भांडण पुन्हा कधीतरी.) तिकडे कोकणात शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या मिठाचा धंदा वाचावा म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसवायला लावली, तोवर शब्दाचा धर्माशी संबंध पुसून गेला होता. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली, मुंबईची १ जुलै २०१७ ला. रिक्षावाले थांब्याचं नाव अजून 'जकात नाका'च सांगतात.

हां, क्रियापद. शेजारी 'काढली' म्हणतात ते उर्दू 'निकालना'वरून, आणि ते योग्य आहे: आधी मालातून हिस्सा वेगळा काढायचा, मग द्यायचा. नाक्यावर भरणे. मिसळू नका.

शेतीचा हिशेब वेगळा, आणि आपल्याकडे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पिकावरच्या हिश्शाला उश्र म्हणतात, म्हणजे दशांश. हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतला, दर असा: आभाळाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, आणि पाणी ओढून घातलेल्या पिकाचा विसावा. कोरडवाहू आणि बागायत! मोटेच्या बैलांचे कष्ट त्या दरात धरलेले आहेत. केळीवर उश्र आहे का? जुने धर्मशास्त्री इमाम अबू हनीफा म्हणतात, जमिनीतून आलेल्या जवळजवळ सगळ्यावर आहे. त्यांचेच दोन पट्टशिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद शैबानी म्हणतात, टिकत नाही त्या फळावर नाही. केळीचा घड किती दिवस टिकतो हे सावद्याच्या माणसाला विचारा, म्हणजे शिष्यांची बाजू कळेल.

आता फितरा, कारण त्यावर पुढचं पत्र येणारच. जकात वर्षाच्या शिलकीवर, फितरा रोजे संपल्यावर घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरलेल्या मापाचं धान्य किंवा त्याची किंमत, तान्ह्या मुलाचाही. 'फित्र' म्हणजे रोजा सोडणं, इफ्तार त्याच धातूतला. आपल्या 'फितुरी'शी त्याला जोडणारे एक गृहस्थ व्याख्यानं देत फिरतात. फितूर येतो 'फुतूर'वरून, म्हणजे ढिलाई, बिघाड. त्यातला 'त' म्हणजे अरबी अक्षर 'ते', फितऱ्यातला म्हणजे 'तोय'. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून दोन कुटुंबांची सोयरीक लावायची नसते. आणि वेळेचं भान ठेवा: ईदच्या नमाजाआधी दिला तर तो फितरा, नमाजानंतर दिला तर नुसता सदका.