तो बदलत नाही, मग मला पूर्वीसारखा का वाटत नाही?

"येशू बदलला की मी बदलले?" समोर बसून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की आता तो तोंडातून निघायच्या आधीच मला ऐकू येतो. विचारणारे बहुतेक विश्वासात वाढलेले असतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणी मुलं दूर गेल्यावर दोघंच उरलेले आईवडील असतात. तरुण मुलंही येतात. मोबाईलवर बायबलच्या कुठल्याही वचनाचा अर्थ क्षणात मिळतो, पण प्रार्थनेत मात्र भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, असं ती सांगतात. आणि जवळजवळ प्रत्येकाला इब्री लोकांस पत्रातलं एक वचन पाठ असतं: "येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे" (13:8).

या वचनाने त्यांना धीर मिळायला हवा, पण ते त्यांना टोचत असतं. तो सारखाच आहे, म्हणजे बिघाड माझ्यात आहे, असा हिशेब मनाने मांडून टाकलेला असतो.

अशाच एका ताईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटी इथे चार संवादांत आवळल्या आहेत.

ताई साठीच्या अलीकडच्या. नवरा जाऊन वर्ष उलटलेलं. मुलगा परदेशी. त्यातच त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, दुसऱ्या मंडळीत विलीन झाली. नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले, गीतांची पुस्तकं जाऊन भिंतीवर पडदा आला, ओळखीच्या चाली गेल्या. पहिल्या भेटीत हे सगळं त्यांनी एखादा अहवाल वाचावा तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तो बदलत नाही हे मी लहानपणापासून शिकवत आलेय. रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलंय. माझाच विश्वास आटलाय. तो कसा वाढवायचा तेवढं सांगा."

माझा कल आधी माणसाची नाती बघण्याकडे असतो, त्याचे विचार दुरुस्त करायला मी घाई करत नाही. विश्वास वाढवण्याच्या युक्त्या सांगणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. मी साधं विचारलं, "येशू जवळ आहे असं कधी वाटायचं?"

"रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत."

"प्रार्थना कोण करायचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हेच करायचे. मी डोळे मिटून ऐकायचे."

"आणि तुम्ही मोठ्याने?"

"कधीच नाही. गरजच पडली नाही. यांचं 'हे प्रभू येशू' सुरू झालं की दिवसभराचं सगळं उतरायचं."

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही, पण गाठ कुठे आहे ते मला दिसलं होतं. तीस-पस्तीस वर्षं ज्या आवाजातून येशू त्यांच्यापर्यंत पोचत होता, तो आवाज गेला होता. आवाज गेला तेव्हा येशूही गेला असं त्यांना वाटलं. पण असं म्हणणं पाप, म्हणून त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. त्यांना नवऱ्याचं दुःख करायचं होतं, आणि त्या विश्वासाची परीक्षा देत बसल्या होत्या.

पुढे एकदा मी त्यांच्या हातात पवित्र शास्त्र दिलं. म्हटलं, "ते आठवं वचन राहू दे. त्याच्या आधीचं वाचा, मोठ्याने."

सातव्या वचनात पत्र लिहिणारा म्हणतो, की ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्यांची आठवण करा, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला ते बघा आणि त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा. ताईंनी वाचलं. मग परत वाचलं. "म्हणजे ती माणसं गेली होती?"

"शब्दांवरून तसंच दिसतं. ज्यांनी शिकवलं ती माणसं आता नाहीत, आणि लगेच पुढच्या ओळीत 'येशू सारखाच आहे'."

"मी हे कित्येक वेळा वाचलंय," त्या म्हणाल्या. "पण हे असं, माणसं गमावलेल्यांना लिहिलंय, हे..." वाक्य पुरं झालं नाही. त्या रडल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदाच स्वतःला रागावल्या नाहीत.

इथे मला जरा रेंगाळू द्या. आपण आठवं वचन सुटं काढून भिंतीवर लावतो, दिनदर्शिकेवर छापतो आणि दुःखी माणसाच्या हातात ठेवतो. ते पत्र ज्यांना लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, त्यांची जाहीर निंदा झाली होती, त्यांच्यातले काही तुरुंगात होते. दहाव्या आणि तेराव्या अध्यायांत हे सगळं आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. येशू बदलत नाही असं ठासून सांगणारं हे पत्र बदलांनी गच्च भरलेलं आहे. याजकपद, म्हणजे पुरोहितपद, बदललं आणि म्हणून नियमही बदलणं भाग आहे, असं सातव्या अध्यायात स्वच्छ म्हटलंय. जुना करार जीर्ण झाला, जुन्या बलिदानांची गरज संपली, आणि पत्राच्या शेवटी तर "आपल्याला येथे स्थायिक नगर नाही" असं वाक्य येतं. ज्यांच्या पायाखालचं जवळजवळ सगळं सरकलं होतं त्यांना एक गोष्ट सरकत नाही असं सांगितलं गेलं. बाकीचं सरकतंय हे पत्र लिहिणाऱ्याने कुठेही नाकारलं नाही.

म्हणून, 'आमची उपासनेची पद्धत बदलू नका, येशू बदलत नाही' असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात भुवया उंचावते. सवयींना येशूच्या सहीची गरज नसते. पण ओळखीची गीतं गेल्याचं दुःख खरं आहे आणि ते करायला कुणाची परवानगी लागत नाही, हेही मी तितक्याच जोराने सांगते.

मग न बदलणारं ते नेमकं काय? चर्चच्या इतिहासात यावर मोठा वाद झाला आहे. चौथ्या शतकातला धर्मगुरू आरियस, त्याच्या बाजूचे लोक म्हणत की पुत्र, म्हणजे येशू, निर्माण केलेला आहे, त्यामुळे तो बदलू शकतो. 325 साली निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या सभेने हे स्पष्ट नाकारलं. पण त्याच चर्चने तो जन्मला, ज्ञानाने आणि शरीराने वाढला, थकला, रडला, मेला हेही कधी सोडलं नाही. ताईंसारख्यांना मी यातलं एवढंच सांगते, की बदल काय असतो हे येशूला बाहेरून माहीत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान मारला गेल्याचं कळलं तेव्हा तो नावेत बसून एकटाच निघून गेला. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात आहे. लोक पायी मागे आले, त्यांना बघून त्याला कळवळा आला आणि त्याने त्यांचे आजारी बरे केले. परिस्थिती पार पालटली होती, कळवळा तोच होता. न बदलणारा तो हा स्वभाव.

ताईंचं खरं वळण योहानाच्या शुभवर्तमानातल्या लाजरच्या गोष्टीपाशी आलं. भाऊ लाजर गेल्यावर मार्था आणि मरीया या दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी येशूला एकच वाक्य म्हणतात: "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." शब्द तेच आणि प्रभूही तोच. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे असं तिला सांगतो. मरीया पायाशी पडते तेव्हा तो शिकवत नाही. रडतो. लाजरला आपण उठवणार आहोत हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं, तरी रडतो.

मी विचारलं, "यातला खरा येशू कोणता?"

"दोन्ही." मग जरा चिडून, "पण मला सगळे मार्थेचंच उत्तर देतात हो. वर्षभर. मी मरीयेच्या जागी पडलेय हे कुणी बघत नाही."

हे वाक्य मला सुचलं नसतं. यानंतर मी भेटीला येणाऱ्या कित्येकांना ते ऐकवलं आहे. येशू सारखाच असणं म्हणजे तो प्रत्येकाशी, प्रत्येक वयात एकसारखं वागेल असं नव्हे. एकाच स्वभावाचा माणूस लहान मुलाला कडेवर घेतो आणि मोठ्या मुलाला शेजारी बसवतो, तसं. संसाराच्या त्या वर्षांत तो ताईंना नवऱ्याच्या आवाजातून भेटला. आता तसा भेटला नाही, तर तो बदलला असं ठरत नाही, आणि त्या आटल्या असंही ठरत नाही.

"मरीया म्हणाली ते वाक्य तुम्हाला म्हणायचं असतं तर कसं म्हणाल?" मी विचारलं.

बराच वेळ गेला. मी घड्याळाकडे बघितलं नाही, आणि अशा वेळी न बघणं मला जमतं याचा मला थोडा अभिमानही आहे. मग ताई डोळे उघडे ठेवून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "प्रभूजी, आपण येथे होता. तरी ते गेले."

मरीयेच्या वाक्यापेक्षा हे वाक्य जड आहे. ती म्हणाली, तू नव्हतास. ताई म्हणाल्या, तू होतास. तक्रार आणि विश्वास एका श्वासात. ती त्यांची आयुष्यातली पहिली मोठ्याने केलेली प्रार्थना होती, हे त्यांच्या लक्षात मी आणून दिलं तेव्हा त्यांना हसू आलं. "यांना आवडली नसती," म्हणाल्या. "यांच्या प्रार्थनेत आभार आधी असायचे."

तुमचाही प्रश्न हाच असेल, तर आधी काय काय गेलं ते कागदावर उतरवा: कुणाचा आवाज, कुठली जागा, कुठली वेळ, कुठलं गीत. प्रत्येकाचं दुःख वेगळं करा. मग मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत. वाचताना एवढंच बघा, की हा माणूस कुणासाठी थांबतो. याईर नावाच्या माणसाच्या मरणाला टेकलेल्या मुलीसाठी त्याच्या घरी निघालेला असताना रक्तस्रावाने त्रासलेल्या बाईसाठी थांबतो. लोक गप्प कर म्हणत असताना रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयासाठी थांबतो. कुष्ठरोग्याला हात लावतो. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, नावाखाली बरं करणं अडवणाऱ्यांवर मात्र रागावतो. त्याचा स्वभाव ओळखीचा झाला की नव्या जागी तो ओळखता येतो. लूकच्या शुभवर्तमानात, पुन्हा उठलेला येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांसोबत चालला, तेव्हा त्यांना चेहऱ्यावरून ओळख पटली नव्हती, भाकर मोडताना पटली.

आणि तुम्ही धीर देणारे असाल, तर आठवं वचन सांगायच्या आधी सातव्याला थोडा वेळ द्या. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी गोष्ट विचारा.

एक गोष्ट यात मिसळू नका. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगू नये असं वाटतं, असं असेल तर तो विश्वासाचा प्रश्न धरून बसू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. ताईंनाही मी झोपेसाठी डॉक्टरांकडे पाठवलं होतं, आणि गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास का, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला अर्धं मिनिट पुरलं होतं.